‘मणक्यात गॅप’ आणि इतर काही गैरसमज

‘मणक्यात गॅप पडलाय’ हे निदान महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येतं. ते कानावर पडलं की माणूस वाकणं सोडतो, नातवंडाला उचलून घेणं सोडतो, स्कूटर विकून टाकतो. मुळात दोन मणक्यांच्या मधे जागा असतेच आणि त्या जागेत चकती असते, जिला आपण ‘गादी’ म्हणतो. वय वाढेल तसं गादीतलं पाणी आटतं आणि तिची उंची घटते. म्हणजे एरवी ज्याला ‘गॅप पडला’ म्हणतात, तिथे बहुतेक वेळा मधलं अंतर उलट कमी झालेलं असतं!

मग एमआरआयमध्ये ‘झीज’ दिसते ती? पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीत झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, आणि यांतल्या कुणालाही दुखत नव्हतं. केस पिकावेत तसे हे बदल. म्हणून दुखणाऱ्या माणसाच्या रिपोर्टात ‘झीज’ लिहिलेली असली, तरी दुखण्याचं कारण तीच, असं त्यावरून ठरत नाही.

दुखणं मात्र शंभर टक्के खरं असतं, हे ठासून सांगायला हवं. ‘रिपोर्टात फारसं काही नाही, म्हणजे मनाचे खेळ’ हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज मला जास्त क्रूर वाटतो. जुनाट कंबरदुखीत बहुतेकांच्या बाबतीत एका मणक्यावर किंवा स्नायूवर बोट ठेवता येत नाही. अपुरी झोप, कामाचा ताण, हालचालीची भीती यांनी मज्जासंस्था अधिक संवेदनशील होते आणि साध्या हालचालीनेही कळ येते.

उसण भरली की ‘आठ दिवस पडून राहा’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर तो तपासला गेला. एका गटाने दोन दिवस अंथरूण धरलं, एकाने कंबरेचे व्यायाम केले, तिसऱ्याने झेपेल तशी रोजची कामं चालू ठेवली. १९९५ साली निष्कर्ष आले: तिसरा गट सर्वांत चांगला सावरला, अंथरूण धरलेला सर्वांत सावकाश.

फळीवर किंवा जमिनीवरच झोपायला हवं, असंही नाही. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने जास्त आराम पडला. पट्टा आणि वजन लावणं (ट्रॅक्शन) यांचा जुनाट कंबरदुखीत नेहमीचा उपचार म्हणून वापर करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं.

‘गादी सरकली, आता ऑपरेशनच’ हे वाक्य जितकं घाईचं, तितकंच ‘मणक्याचं ऑपरेशन म्हणजे कायमचं अंथरूण’ हेही चुकीचं. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या, म्हणजे पायात उतरणाऱ्या कळेच्या, २८३ रुग्णांपैकी निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया करायचं ठरलं, बाकीच्यांना थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे होते, फक्त ऑपरेशन लवकर झालेल्यांना आराम लवकर पडला. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर अनेकदा हळूहळू स्वतःच जिरवून टाकतं, म्हणून थांबण्यात अर्थ असतो. हे सगळं पायात उतरणाऱ्या कळेबद्दल आहे. नुसत्या कंबरदुखीवर चाकू क्वचितच लागतो.

दुखणं पुन्हा उलटू नये म्हणून काय करावं? ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांची चाचणी झाली. एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत नेलेलं चालणं दिलं. त्या गटात दुखणं उलटायला मध्यकानुसार (मीडियन) २०८ दिवस लागले, हे चालणं न दिलेल्या दुसऱ्या गटात ११२.

काही लक्षणं मात्र वाट पाहण्याची नाहीत. रोज संध्याकाळी ताप, घटतं वजन, रात्री झोपमोड करणारी कळ असेल तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावीच लागते. पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा म्हातारपणी पडून दुखायला लागलं असेल, तर तपासणी लांबवू नये. आणि लघवी अडली, जांघा व बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी, मध्यरात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठायचं.