तळ्यातील सूक्ष्म जीवांची ये-जा व मत्स्यबीजाचे संगोपन

जालना जिल्ह्यात पर्जन्यमान बेताचेच असल्याने शेततळी व गावतळी यांस विशेष महत्त्व आहे. कडवंची येथील शेततळी तर सर्वश्रुतच आहेत. अशा साठ्यांत कटला, रोहू व मृगळ यांचे बीज वाढविल्यास जोडउत्पन्न मिळू शकते. हे बीज लहान असताना त्याचे मुख्य खाद्य म्हणजे पाण्यात तरंगणारे जलपिसूसारखे सूक्ष्म जीव होत. त्यांस प्राणिप्लवक म्हणतात.

हे जीव दिवसभर एकाच थरात राहत नाहीत. सूर्य वर येऊ लागताच ते खोल, अंधाऱ्या थरात उतरतात व सूर्यास्तानंतर पृष्ठभागाकडे येतात. डोळ्यांनी भक्ष्य शोधणाऱ्या माशांपासून दिवसा बचाव व्हावा, आणि रात्री वरच्या थरातील शेवाळकण खाता यावेत, हा यातील हेतू होय. समुद्रातील शेवंडाची पिलेही याच रीतीने वरखाली होत असतात.

ऋतूप्रमाणे या क्रमात फरक पडतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून प्रकाश खोल जात नाही. त्यामुळे हे जीव दिवसाही वरच्या थरात आढळतात. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते व खालच्या पाण्यात मिसळत नाही. तळाशी प्राणवायू कमी पडला की त्यांस फार खोल जाता येत नाही.

दुपारी काठावरचे पाणी पाहून तळ्यात खाद्य नाही असा समज करून घेणे, ही नेहमी होणारी चूक आहे. अशा समजुतीने जादा शेण टाकल्यास ते कुजताना प्राणवायू खर्च होतो, पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडे उघडझाप करू लागतात व प्रसंगी सर्व बीज मरते.

याकरिता परीक्षा सूर्योदयापूर्वी करावी. तळ्याच्या चार-पाच ठिकाणांहून मिळून ५० लिटर पाणी घेऊन प्लवकजाळीतून गाळावे. गाळलेला अंश काचेच्या नळीत घेऊन त्यात चिमूटभर मीठ टाकावे व तो स्थिर होऊ द्यावा. तळाशी १ ते २ मिलिलिटर थर बसल्यास खाद्य पुरेसे समजावे व शेण टाकू नये. पुढील परीक्षाही त्याच वेळी करावी, म्हणजे तुलना खरी ठरेल. बीजाचे रक्षण बऱ्याच अंशी योग्य वेळी केलेल्या या लहानशा पाहणीवर अवलंबून असते.