सेराफीनचे हात

मार्तीन प्रोव्होस्त यांनी दिग्दर्शित केलेला ‘सेराफीन’ हा २००८ सालचा फ्रेंच चरित्रपट म्हणजे सेराफीन लुई (१८६४–१९४२) या चित्रकर्तीची कहाणी असून, पॅरिसच्या उत्तरेकडील सांलिस या जुन्या गावात ती दिवसा लोकांच्या घरी धुणीभांडी करी आणि रात्री आपल्या खोलीत चित्रे रंगवी. वेड आणि प्रतिभा यांची गाठ घालण्याचा मोह अशा चरित्रपटांना सहसा आवरत नाही. हा चित्रपट मात्र तिच्या मनोविकारापेक्षा तिच्या कष्टांकडे अधिक काळ पाहतो, आणि हेच त्याचे मोठेपण आहे.

योलांद मोरो या बेल्जियन अभिनेत्रीने साकारलेली सेराफीन गुडघ्यांवर बसून फरशी घासते आणि रात्री तशीच जमिनीवर वाकून बोटांनी रंग पसरते, तेव्हा मोलकरणीचे हात आणि चित्रकाराचे हात निराळे उरत नाहीत. देवळातल्या दिव्याचे तेल, खाटकाकडचे रक्त, ओढ्याकाठची माती असे काय काय ती गुपचूप जमवते, आणि पांढऱ्या रंगासाठी मात्र मोजकी नाणी खर्चून दुकानातून ‘रिपोलिन’ हा दारेखिडक्यांना लावायचा तैलरंग आणते. प्रत्यक्षातली सेराफीनही रिपोलिन वापरी, पण त्यात ती काय मिसळी हे तिने कोणालाच सांगितले नाही, त्यामुळे पडद्यावरच्या या कृतीत कल्पनेचा वाटा आहे.

तिची चित्रे जगापुढे आणली ती विल्हेल्म ऊडे या जर्मन कलासंग्राहकाने. पिकासोची चित्रे अगदी आरंभीच विकत घेणारा आणि आँरी रूसोची थोरवी ओळखणारा हा माणूस १९१२ मध्ये सांलिसला राहायला आला, तेथे एका घरी सफरचंदांचे एक चित्र पाहून थबकला, आणि ते आपल्याच घरी झाडलोट करणाऱ्या बाईने काढले आहे हे ऐकून चकित झाला. कलाशाळेत न शिकलेल्या अशा चित्रकारांच्या निर्मितीला ‘नाईव्ह’, म्हणजे निरागस कला म्हणतात. ऊडेला हा शब्द रुचत नसे, आणि सेराफीनच्या बाबतीत तो अपुराच वाटतो, कारण तिच्या पानाफुलांत डोळे, पिसे आणि शिंपले यांचे आकार दाटीने उगवलेले असतात व त्यांच्या सौंदर्याला भीतीची किनार असते. १९१४ च्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरलेल्या ऊडेला फ्रान्स सोडावे लागले आणि त्याचा संग्रह जप्त होऊन विकला गेला. तो फ्रान्सला परतल्यावर १९२७ मध्ये सांलिसच्या नगरभवनातील प्रदर्शनात तिची चित्रे त्याला पुन्हा भेटली, आणि त्याच्या पैशांच्या आधारावर ती दोन-दोन मीटर उंचीचे कॅनव्हास रंगवू लागली.

जागतिक मंदीमुळे हा आधार तुटला, तिच्या मनाचा तोलही ढळत गेला, आणि १९३२ मध्ये तिला क्लेर्मोंच्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. नववधूचा पोशाख घालून ती गावातल्या दारोदार फिरते तो प्रसंग चित्रपटात आरडाओरडा न करता, लांबून पाहिल्यासारखा येतो, त्यामुळे तिची विटंबना होत नाही. शेवट मात्र खरा वाटूनही सौम्य आहे: खुर्ची उचलून ती मोकळ्या माळावरच्या एका मोठ्या झाडाकडे जाते. वास्तवात रुग्णालयात तिने चित्रे काढणे थांबवले होते. १९३४ मध्येच ती वारल्याचे ऊडेने लिहून ठेवले असले तरी ती १९४२ पर्यंत जगली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या ज्या काळात फ्रान्समधील मनोरुग्णालयांत ४०,००० हून अधिक रुग्ण मुख्यतः उपासमारीने दगावले त्याच काळात तिचाही अंत झाला. हा भाग पडद्यावर येत नाही, आणि तो यायला हवा होता.

२००९ मध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट व अभिनेत्री यांसह सात ‘सेझार’ पुरस्कार मिळाले. सेझार हा फ्रेंच चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान होय. पण खुद्द सेराफीनला सार्वजनिक दफनभूमीत नावाविना पुरण्यात आले. सांलिसच्या कलासंग्रहालयातील तिच्या चित्रांवर मात्र ओल्या रंगात सुरीने कोरलेली ‘एस. लुई’ ही सही आजही दिसते.