आमसुलाने वजन उतरत नाही

कोकमाचे रातांबे पिकले की ‘कोकम प्या, चरबी वितळते’ हा निरोपही फिरू लागतो. सोबत कुठल्या तरी परदेशी गोळ्यांच्या डबीचं चित्र. त्या डबीत बहुधा कोकम नसतंच! असते ती केरळात माशांच्या कालवणात पडणारी कुडमपुळी. दोन्ही झाडं गार्सिनिया वंशातली, पण जाती वेगळ्या.

सालीतलं मुख्य आम्ल मात्र दोघांचं एकच. कुडमपुळीतलं आम्ल पूर्वी सायट्रिक किंवा टार्टारिक समजलं जाई. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी ते वेगळं काढलं आणि १९६५ मध्ये त्याची खरी ओळख छापली: हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. पुढे अमेरिकेत वॉटसन आणि लोवेन्स्टाइन यांनी दाखवलं की शरीरात चरबी तयार होताना लागणारं एक विकर हे आम्ल अडवतं. इथवर सगळं खरं. विकर अडलं म्हणजे माणूस बारीक होणारच, ही उडी मात्र गोळ्या विकणाऱ्यांची.

ती तपासली गेली आहे हो! हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांचा प्रयोग ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९८ साली आला. १३५ जादा वजनाची माणसं, १२ आठवडे, निम्म्यांना रोज दीड ग्रॅम आम्ल, उरलेल्यांना दिसायला तशीच पण आम्ल नसलेली पोकळ गोळी. आहार सगळ्यांना कमी उष्मांकांचा. आम्लवाल्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं, पोकळ गोळीवाल्यांचं ४.१. हा फरकही योगायोगात मोडणारा. उलट अशा गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या चार आमसुलांना त्यासाठी भिऊ नये. आणि सरबत पिऊन बारीक होऊ पाहणाऱ्यांनी ते करताना साखर किती पडते, हे एकदा उभं राहून पाहावं.

असे आणखीही निरोप फिरतात. ‘सोलकढीने कर्करोग बरा होतो.’ सालीतल्या गार्सिनॉल या पिवळ्या द्रव्याचे प्रयोग पेशींवर आणि प्राण्यांवर झालेत; तेवढ्यावरून माणसाचा कर्करोग बरा होतो असं म्हणता येत नाही. शिवाय ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मग भिजवलेल्या आमसुलांतून सोलकढीत उतरणार किती?

‘कोकम तेल सालीचं.’ नाही, बियांचं.

‘कोकमाचा रस इतका लाल म्हणजे रंग घातलेलाच.’ सालीत अँथोसायनिन असतं, आंबट द्रवात ते लालच दिसतं. शंका असेल तर थोड्या आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, आंबटपणा मरेपर्यंत खायचा सोडा घाला. लाली जाऊन निळसर-काळपट झाक आली पाहिजे; तसाच लालभडक राहिला, तर तो रंग आमसुलाचा नव्हे.