स्मृतीचे चित्र आणि पाहणारे मन

वैद्यकाचे अध्ययन केलेले इंग्रज तत्त्वचिंतक जॉन लॉक यांनी १६९० च्या आपल्या ग्रंथात मनातील कल्पनांना विटणाऱ्या रंगांतील चित्रांची उपमा दिली आहे. उजाळा न मिळाल्यास ती पुसट होतात. तीव्र ज्वरात तर अल्पावधीत नष्टही होतात.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात स्मृतीची आठ कारणे वर्णिली आहेत. त्यांतील अभ्यास व पुनःश्रुत हा असाच उजाळा होय. परंतु सत्त्वानुबंध, म्हणजे स्मरणीय विषयाशी मनाची जोड, हे कारण चित्राच्या उपमेत सामावत नाही. चित्र शाबूत असूनही मन तिकडे वळले नाही, तर ते दिसत नाही.

म्हणून विस्मरणाच्या रुग्णास मेध्य रसायन योजण्यापूर्वी वैद्याने निद्रा, चिंता व शोक यांची विचारपूस अवश्य करावी. चित्र पुसले गेले आहे, की पाहणारे मनच अन्यत्र गुंतले आहे, यावर चिकित्सेची दिशा अवलंबून असते.