दाब वाढवावा की गाडी बदलावी?

नर्मदेच्या काठी वसलेल्या जबलपूर शहराचा यंत्रविद्येशी संबंध जुना आहे. मुंबईकडून निघालेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग १८७० साली याच ठिकाणी एकमेकांस मिळाले. तोफांचे गाडे तयार करणारा सरकारी कारखाना १९०४ साली येथे स्थापन झाला. मध्य प्रदेशाच्या वीजमंडळाचे मुख्यालयही दीर्घकाळ येथेच होते. अशा या शहरातील रस्त्यांवर आता बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी रिक्षा मोठ्या संख्येने धावताना दिसतात. धूर नाही, आवाज नाही आणि भाडे बेताचे, म्हणून लोकांनी तिचे स्वागत केले. ज्याला पेट्रोलच्या रिक्षाचा खर्च झेपत नव्हता, त्यालाही तिने स्वतःचा धंदा मिळवून दिला.

परंतु गाडी दोन-तीन वर्षांची झाली की तिच्या मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो. सकाळी वेगाने पळणारी गाडी दुपारनंतर रेंगाळू लागते. ग्वारीघाटाहून प्रवासी घेऊन शहराकडे परतताना चढ आला की तिचा दम तुटतो. नव्या रिक्षा शेजारून पुढे निघून जातात आणि गिऱ्हाईकही त्यांच्याकडे वळते. अशा वेळी कोणी तरी सल्ला देतो की, चार बॅटऱ्यांऐवजी पाच लावाव्या, म्हणजे अठ्ठेचाळीस व्होल्टांचे साठ व्होल्ट होतील आणि गाडी नव्यासारखी पळेल. दुसरा सांगतो की, जुन्या गाडीवर पैसा ओतण्यापेक्षा ती विकून नवी घ्यावी. गोल्फच्या मैदानांवर आणि मोठ्या संस्थांच्या आवारांत ज्या विजेच्या चारचाकी गाड्या वापरतात, त्यांच्या मालकांपुढेही हाच प्रश्न छत्तीस व्होल्टांवरून अठ्ठेचाळीस व्होल्टांवर जाण्याच्या रूपाने येतो. या दोन वाहनांचे कुळ एकच असल्यामुळे प्रश्नाचे उत्तरही एकाच विचाराने मिळू शकते.

प्रथम व्होल्ट म्हणजे काय हे पाहणे अवश्य आहे. जबलपूरच्या वरच्या अंगास नर्मदेवर बर्गीचे धरण आहे आणि तेथे प्रत्येकी ४५ मेगावॉटचे दोन जलविद्युत् संच आहेत. तेथील पाण्यापासून मिळणारी शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते. पाणी किती उंचीवरून पडते ही एक, आणि दर क्षणाला किती पाणी पडते ही दुसरी. विजेच्या बाबतीत उंचीच्या जागी विद्युत्‌दाब असतो, तो व्होल्टमध्ये मोजतात. पाण्याच्या ओघाच्या जागी विद्युत्प्रवाह असतो, तो अँपिअरमध्ये मोजतात. या दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. दाब वाढविला तर तेवढीच शक्ती कमी प्रवाहात मिळते, हे खरे आहे. पण तीस मीटर उंचीच्या पाण्यासाठी घडविलेल्या चक्रावर साठ मीटर उंचीचे पाणी सोडले तर काय होईल, हे सांगावयास अभियंत्याची गरज नाही. दाबाचा लाभ हवा असेल तर तो सोसणारे यंत्रही हवे.

आता गाडीच्या तक्रारीकडे वळू. ‘गाडी कमी पडते’ या एका वाक्यात तीन निरनिराळी दुखणी लपलेली असतात. गाडी हळू पळते हे एक, चढ चढत नाही हे दुसरे आणि दिवसभर पुरत नाही हे तिसरे. या तिन्हींचा कारक निराळा आहे. सपाट रस्त्यावरील वेग मुख्यतः व्होल्टवर ठरतो. ओढण्याचा जोर अँपिअरवर ठरतो. किती अंतर जाता येईल हे मात्र बॅटरीत एकूण किती ऊर्जा साठली आहे, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकारावर ठरते. दुखणे एक आणि औषध दुसरे असे होऊ नये, यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे फार महत्त्वाचे आहे.

गोल्फच्या गाडीचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. जुन्या गाडीत सहा-सहा व्होल्टांच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, मिळून छत्तीस व्होल्ट. त्या २२५ अँपिअर-तासांच्या असतील, तर एकूण साठा ८१०० वॅट-तास, म्हणजे घरगुती मीटरच्या भाषेत सुमारे आठ युनिट होतो. त्यांच्या जागी आठ-आठ व्होल्टांच्या, १७० अँपिअर-तासांच्या सहा बॅटऱ्या बसविल्या की दाब अठ्ठेचाळीस व्होल्ट होतो. परंतु साठा किती? ८१६० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकाच. मालकाने पैसे खर्च केले, गाडी वेगाने पळू लागली, पण तिची एका चार्जिंगमधील मजल वाढली नाही. वेग वाढल्यामुळे ती कदाचित थोडी घटेलसुद्धा.

मग दाब वाढविण्यात लाभ नाही काय? अवश्य आहे. तीन हजार वॅट शक्तीसाठी छत्तीस व्होल्टांवर सुमारे ८३ अँपिअर लागतात, अठ्ठेचाळीसवर साडेबासष्ट पुरतात. तारांत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून त्याच तारांतील नुकसान शंभरावरून छप्पन्नावर येते. तारा, जोड आणि स्विच कमी तापतात. चढणीवर गाडी चढते पण फार सावकाश, अशी तक्रार असेल तर तीही काही अंशी दूर होते. गाडी चढणीवर अगदीच थांबत असेल, तर मात्र अडचण प्रवाहाच्या मर्यादेची असते. ती मर्यादा कंट्रोलर ठरवितो, आणि केवळ व्होल्ट वाढवून ती हलत नाही.

रिक्षातील पाचव्या बॅटरीची गोष्ट याच नियमांनी तपासता येते. १२० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्यांत पावणेसहा युनिटांच्या आसपास साठा असतो, पाचांत तो सव्वासातच्या जवळ जातो. म्हणजे येथे मजल खरोखर वाढते. परंतु त्याबरोबर आणखी काय काय बदलते, हे सल्ला देणारा सांगत नाही. अठ्ठेचाळीस व्होल्टांच्या कंट्रोलरमध्ये पुष्कळदा त्रेसष्ट व्होल्टांपर्यंतचेच कपॅसिटर असतात. साठ व्होल्टांची माळ चार्ज होत असताना सत्तर व्होल्टांच्या वर जाते, आणि चार्जर काढल्यावरही काही वेळ तिचा दाब साठांच्या बराच वर राहतो. जुना चार्जर ही माळ भरू शकत नाही. म्हणून काही ठिकाणी पाचवी बॅटरी निराळी चार्ज करतात, आणि पाचांत ती एक सदैव वेगळी राहते. दिव्यांसाठी व भोंग्यासाठी एकाच बॅटरीवरून तार काढली असेल, तर तीच बॅटरी आधी निकामी होते. माळेतील एक बॅटरी दुबळी झाली की बाकीच्या चार तिला ओढून नेतात आणि तिचे उरलेले आयुष्य संपवितात. म्हणूनच जुन्या चार बॅटऱ्यांत एक नवी मिसळणे हा काटकसरीचा नव्हे, तर नुकसानीचा मार्ग ठरतो.

सर्वांत मोठी गोष्ट ब्रेकची आहे. अठ्ठेचाळीसचे साठ व्होल्ट झाले की ताशी पंचवीस किलोमीटरचा वेग एकतीसच्या घरात जातो. वाढ सहा किलोमीटरांचीच दिसते. परंतु गाडी थांबविण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पंचवीसच्या वेगाने जी गाडी सहा मीटरांत थांबत असेल, तिला आता नऊ मीटरांहून अधिक अंतर लागेल. ब्रेक, टायर आणि हलकी चौकट मात्र पूर्वीचीच असते, आणि त्यांवर सुमारे तीस किलो वजनाची एक बॅटरीही अधिक आलेली असते. गर्दीच्या बाजारात, रस्ता ओलांडणाऱ्या मुलापुढे, या तीन मीटरांची किंमत रुपयांत करता येत नाही.

कायद्यानेही ही मर्यादा आखून दिली आहे. २०१४ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार ई-रिक्षात चालकाखेरीज चार प्रवासी आणि चाळीस किलो सामान नेता येते. मोटरची शक्ती दोन हजार वॅटांपेक्षा आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरांपेक्षा अधिक असता कामा नये. नोंदणी झालेल्या वाहनात उत्पादकाने ठरविलेल्या रचनेबाहेरचा बदल परस्पर करणे मोटार वाहन कायद्यास मान्य नाही. असा बदल केलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याच्या भरपाईवरून वाद उद्भवू शकतो. ज्याने कर्ज काढून गाडी घेतली आहे, त्याचे सारे घरच मग त्या एका अपघाताने रस्त्यावर येण्याचा संभव असतो. खाजगी आवारात फिरणाऱ्या गोल्फ-गाडीला रस्त्याचे हे नियम लागू होत नसले, तरी ब्रेकचे गणित तिलाही चुकत नाही.

दाब वाढविण्याचे काम नीट कसे करावे, याचा मोठा धडा मुंबईच्या रेल्वेने घालून दिला आहे. तेथे १९२५ साली पंधराशे व्होल्टांच्या एकदिश विजेवर गाड्या सुरू झाल्या. पुढे इतर मार्गांवर पंचवीस हजार व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज आली. मुंबईहून जबलपूरकडे येणाऱ्या गाड्यांचे इंजिन कित्येक वर्षे इगतपुरीस बदलावे लागे, त्याचे एक कारण हेच होते की पंधराशे व्होल्टांची तार तेथे संपत असे. मुंबई उपनगरातील दाबबदल २०१२ ते २०१६ या काळात टप्प्याटप्प्याने पूर्णत्वास गेला. तो करताना उपकेंद्रे, तारांचे विद्युत्‌रोधक, पुलांखालील अंतरे आणि गाड्या या सर्वांचा एकत्र विचार करावा लागला. मधल्या काळासाठी दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि केवळ पंधराशे व्होल्टांवर चालणाऱ्या गाड्यांस अखेर निरोप दिला. दाब हा एका यंत्राचा नव्हे, तर सबंध व्यवस्थेचा गुण आहे, हे यावरून दिसून येईल.

यास्तव मालकाने पहिला खर्च नव्या बॅटरीवर न करता तपासणीवर करावा. गाडी भार घेऊन चालत असताना प्रत्येक बॅटरीचा दाब मल्टिमीटरने निरनिराळा मोजावा. तीन बॅटऱ्या बारा व्होल्ट दाखवीत असून एकच साडेदहांवर उतरत असेल, तर रोग तेथेच सापडला. बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर, टायरांत कमी झालेली हवा, चाकास घासत राहणारा ब्रेक, कोरडी पडलेली बॅटरी ही कारणे क्षुद्र दिसतात, परंतु गाडीचा दम तीच खातात. जबलपूरच्या उन्हाळ्यात डिस्टिल्ड पाण्याची पातळी वरचेवर पाहिली नाही, तर शिशाच्या बॅटरीचे आयुष्य फार लवकर सरते. या दोषांपैकी एखादा निघाला, तर दाब वाढविण्याचा आणि गाडी बदलण्याचा असे दोन्ही प्रश्न काही काळ मिटतात.

तिसरा एक मार्गही आता उपलब्ध आहे. व्होल्ट तेवढेच ठेवून शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियमची बॅटरी बसविता येते. शिशाच्या बॅटरीवर जोराचा भार आला की तिचा दाब खाली येतो. अठ्ठेचाळीसची माळ चढणीवर प्रत्यक्षात बेचाळीसच व्होल्ट देत असेल, तर मालकास जे सहा व्होल्ट कमी पडतात, ते वस्तुतः त्याच्याच बॅटरीत हरवलेले असतात. लिथियमची बॅटरी वजनाने पुष्कळ हलकी असते आणि भाराखाली दाब अधिक टिकवून धरते. मात्र तिच्यासाठी योग्य चार्जर आणि तिच्या घटांवर लक्ष ठेवणारे संरक्षक मंडल हवेच. रिक्षाच्या बाबतीत तो बदलही मान्यताप्राप्त असला पाहिजे.

शेवटी प्रश्न हिशेबाचा राहतो. समजा, नव्या गाडीस शंभर रुपये पडतात, जुनीचे दहा रुपये येतात आणि नवी सहा वर्षे चालते. म्हणजे वर्षाला पंधरा रुपये खर्च आला. जुन्या गाडीत बॅटऱ्या, कंट्रोलर, चार्जर व ब्रेक यांवर चाळीस रुपये घातले आणि तिची गंजलेली चौकट दोनच वर्षे टिकली, तर वर्षाला वीस रुपये पडले. जो मार्ग स्वस्त दिसत होता, तोच महाग ठरला. उलट चौकट आणि मोटर उत्तम असून आणखी चार वर्षांची खात्री असेल, तर तोच खर्च वर्षाला दहा रुपयांवर येतो आणि जुनी गाडी राखणेच शहाणपणाचे होते. म्हणून ‘बदलास किती लागेल’ एवढेच न विचारता ‘बदलानंतर गाडी किती वर्षे राहील’ हेही विचारले पाहिजे.

तात्पर्य, खाजगी आवारातील गोल्फ-गाडीची चौकट भक्कम असून बॅटऱ्या तशाही बदलावयाच्या असतील, आणि मोटर, कंट्रोलर, चार्जर व ब्रेक हे सर्व नव्या दाबास योग्य असे करता येत असतील, तर दाब वाढविणे रास्त आहे. प्रवासी वाहणाऱ्या रिक्षाने मात्र नोंदणीतील दाब आणि वेग यांची मर्यादा पाळावी, बॅटरी चांगली ठेवावी, आणि चौकट थकली की कारखान्यातूनच अधिक समर्थ होऊन आलेली गाडी घ्यावी. त्या गाडीत बसणाऱ्या चार प्रवाशांना ती किती व्होल्टांवर चालते हे ठाऊक नसते. समोर मूल आले असता ती वेळेवर थांबेल, एवढ्याच भरवशावर ते तिच्यात बसतात.