लोणारचं विवर, लाल-निळ्या चष्म्यातून

चंद्रावर प्रज्ञान रोव्हरने 30 ऑगस्ट 2023 रोजी सुमारे 15 मीटरवरून विक्रम लँडर टिपला, डाव्या आणि उजव्या अशा दोन कॅमेऱ्यांनी. ते दोन्ही फोटो ‘इस्रो’ने एकावर एक बसवून प्रसिद्ध केले. नुसत्या डोळ्यांना ते चित्र फिसकटल्यासारखं दिसतं. पुठ्ठ्याचा लाल-निळा चष्मा लावला, की लँडर जमिनीपासून सुटून उभा राहतो. हेच अ‍ॅनाग्लिफ. डाव्या फोटोतला फक्त लाल रंग घ्यायचा, उजव्यातले हिरवा आणि निळा, आणि तिन्हींचं एक चित्र करायचं. चष्म्याच्या काचा ज्या डोळ्याचं चित्र त्या डोळ्याला वाटून देतात, खोलीचा हिशेब मेंदू करतो. युक्ती जुनी आहे; जर्मनीत विल्हेल्म रोलमान यांनी 1853 मध्येच ती मांडली होती.

चंद्रावर निदान दोन खरे कॅमेरे होते. संगणकातल्या मॉडेलला तेवढेही लागत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानातल्या रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती आकडेवारी आज सर्वांना खुली आहे. त्यातून आपल्या लोणारचा तुकडा घ्या, त्यावर उपग्रहाचा फोटो पांघरा, की विवराचं मॉडेल तयार. आता त्यातले आभासी कॅमेरे कुठे ठेवायचे?

आपल्या दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण साडेसहा सेंटिमीटर. तेवढ्याच अंतरावरचे कॅमेरे तीन किलोमीटर उंचीवर नेले, तर दोन्ही चित्रं जवळपास सारखीच येतात आणि विवर सपाट दिसतं. छायाचित्रकारांचा ठोकताळा असा, की समोरची वस्तू जितक्या अंतरावर, त्याचा तिसावा भाग दोन कॅमेऱ्यांमध्ये ठेवावा. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमधले सुरुवातीचे आकडेही याच प्रमाणात असतात. म्हणजे इथे शंभर मीटर. संगणकात तो एक आकडा बदलला, की काम झालं. पण त्याची किंमत मोजावी लागते: आपले डोळे जणू शंभर मीटर फाकले, त्यामुळे 1.8 किलोमीटरचं विवर साधारण 1.2 मीटरच्या खेळण्यासारखं वाटतं. अंतर आणखी ताणलं, तर डोकंच दुखतं. आकडा फुकट वाढवता येतो म्हणून नवशिके तो वाढवत सुटतात. माझ्या मते निम्मी अ‍ॅनाग्लिफं तिथेच बिघडतात.

दुसरी खोड म्हणजे दोन्ही कॅमेरे तिरळे करून एकाच बिंदूवर रोखणं. मग कोपऱ्यांतल्या वस्तू एका डोळ्याला वर, दुसऱ्याला खाली दिसतात, आणि डोळ्यांना ती सवय नाही. कॅमेरे समांतर ठेवून चौकट तेवढी बाजूला सरकवावी. ब्लेंडरमध्ये त्यासाठी ‘ऑफ-अ‍ॅक्सिस’ पर्याय आहे.

चष्मा लावला, की मॉडेल करणाऱ्याची लबाडीही उघडी पडते. साध्या चित्रात विटांच्या भिंतीवर सावल्या नुसत्या रंगवल्या तरी खपतं. दोन डोळ्यांनी बघताना ती भिंत गुळगुळीत आहे आणि विटांचा कागद चिकटवलाय, हे लगेच कळतं. सपाट चित्र लावून केलेला धूरही तसाच पुठ्ठ्याचा दिसतो.

अ‍ॅनिमेशनमध्ये काम दुप्पट: सेकंदाला 24 चौकटी असतील, तर 48 रेंडर, म्हणजे मॉडेलवरून काढलेली चित्रं. एक सोय मात्र आहे. मॉडेलमधला काळ आपल्या ताब्यात असल्याने आधी सगळं डावं, मग सगळं उजवं असं सावकाश करता येतं. फक्त उडणारी धूळ, पाऊस असं जे काही यादृच्छिक आकड्यांवर चालतं, त्याचा ‘सीड’, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दोन्ही वेळा एकच हवा. नाहीतर प्रत्येक डोळ्याला वेगळा पाऊस.

रंगांशी मात्र तडजोड अटळ आहे. भडक लाल वस्तू एका डोळ्याला उजळ, दुसऱ्याला काळी दिसते आणि चमचमत राहते, म्हणून मॉडेलमध्ये मातकट, करडे रंग वापरावेत. लोणारचा बेसॉल्ट त्या दृष्टीने सोयीचा. आणि तयार चित्र पीएनजीमध्ये साठवा. जेपीजी जागा वाचवताना रंगाचा बारीक तपशील गाळतं, मग एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात झिरपतं आणि प्रत्येक कडेला तिची पुसट जुळी कड दिसू लागते.