टोल, धूर आणि बसची वाट

भाईंदर पश्चिमेला स्थानकाबाहेरून सुटलेली बस मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरीला पोहोचते. घरात गाडी नसलेल्या डोंगरीकरांना नोकरी, कॉलेज, बाजार किंवा दवाखाना गाठायचा तर बहुधा हाच रस्ता. बस वेळेवर आली नाही की रिक्षा, नाहीतर कर्ज काढून घेतलेली दुचाकी. अशी एकेक दुचाकी वाढत जाते आणि धूरही.

याच शहराच्या दुसऱ्या टोकाला दहिसर टोलनाका आहे. मुंबईतील उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर २००२ पासून टोल घेतला जाऊ लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने हलक्या वाहनांना त्यातून सूट दिली. मोटारीचे ४५ रुपये वाचले आणि वाहनचालकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण श्वासाचा प्रश्न तेवढ्याने सुटला का?

रांगेतला धूर

रांगेत थांबत-सरकत चालणारी गाडी तेवढ्याच अंतरासाठी जास्त इंधन जाळते. त्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांचा दाह वाढवतो, तर पीएम २.५ हे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यातील काही रक्तातही उतरतात. त्यामुळे दम्याबरोबरच हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. वजनाच्या मानाने लहान मुले मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, म्हणून त्यांना झळ आधी बसते.

अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांत टोलनाक्यांवर न थांबता पैसे वळते होण्याची सोय झाली. त्यानंतर नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी, तर कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणजे नाक्यावरची रांग हटणे हे आरोग्याच्या दृष्टीने चांगलेच. मात्र रांग हटली आणि रस्त्यावर गाड्या वाढल्या, तर ती कोंडी पुढच्या सिग्नलला जाऊन उभी राहते.

आधी बस, मग शुल्क

स्वीडनच्या स्टॉकहोम शहराने २००६ मध्ये गर्दीच्या वेळी शहरात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावून पाहिले. वसुली कॅमेऱ्याने होत असल्याने गाड्यांना थांबावे लागत नव्हते. महत्त्वाचे म्हणजे शुल्क सुरू होण्याच्या काही महिने आधीच जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. शुल्काच्या हद्दीवरील वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. पाच वर्षांखालील मुलांना दम्याच्या तीव्र झटक्यासाठी उपचार लागण्याचे प्रमाण पुढील काळात जवळपास निम्म्यावर आल्याचे संशोधकांना दिसले. २०१६ मध्ये हे शुल्क वाढवले गेले, ते मेट्रोच्या विस्ताराला पैसा मिळावा म्हणून.

लंडनमध्ये २००३ मध्ये असे शुल्क सुरू झाले. त्यातून उरणारी रक्कम वाहतूक सुधारणांवरच खर्च करण्याचे बंधन कायद्यानेच घातले होते. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२५ पासून घेतले जाणारे शुल्क तेथील भुयारी रेल्वे, बस आणि उपनगरी रेल्वेच्या कामांसाठी राखलेले आहे.

आपला टोल मात्र बांधलेल्या पुलांचे पैसे फेडण्यासाठी होता. टोल भरणाऱ्याला त्यातून जादा बस मिळाल्याचे कधी दिसले नाही, म्हणून तो लोकांना जाचच वाटला.

डोंगरीचा हिशेब

दहिसर-भाईंदर मेट्रो ९ ची कारशेड डोंगरीत उभारायचे ठरले. त्यासाठी बारा हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला आणि स्थानिकांनी त्याला विरोध केला. सार्वजनिक वाहतूक हवीच; पण तिची किंमत हिरवाईने मोजणाऱ्या गावाला स्थानकापर्यंत नेणारी वेळेवरची बसही मिळायला हवी.

उद्या महामुंबईत असे शुल्क आणायचे झाले, तर रुग्णवाहिका आणि बस त्यातून वगळाव्यात, पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्याचा हिशेब जाहीर करावा आणि बस आधी वाढवाव्यात. पर्याय न देता लावलेले शुल्क हा गरिबाला दंडच ठरेल.

तोवर दमा असलेल्यांनी इनहेलर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घ्यावा, बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नये. गर्दीच्या रस्त्यालगत व्यायाम टाळावा आणि थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद ठेवावे. पण औषध झटका आवरते, धूर नाही. धूर कमी व्हायचा, तर डोंगरीच्या थांब्यावर बस वेळेवर यावी लागेल.